तात्पुरतं, नंतर काढणे

३ फेब्रुवारी, सोमवार

औषध कंपनीने बायकोच्या दुकानात फुकट वाटलेली ही डायरी. महिनाभर कपाटावर पडून होती. आज तिने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "जे काय डोक्यात चाललंय ते यात लिहा. माझे कान तरी सुटतील."

डोक्यात चाललंय ते असं. सॉफ्टवेअर इंजिनिअरांची परीक्षा घेऊन त्यांना डॉक्टर-वकिलांसारखं लायसन्स द्यावं का, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला काम करू द्यावं का, हे ठरवायला सरकारने समिती नेमली आहे. समितीने कंपन्यांची मतं मागवली आहेत. आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. मत लिहायचं काम साहेबांनी मला दिलं. हे साहेब प्रत्येक वाक्याची सुरुवात 'हे बघा'ने करतात, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव हेबघा. "हे बघा, विरोधात लिहायचं. पण विचार करून लिहिलंय असं वाटलं पाहिजे."

मला विचार करायची गरजच नाही. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. जे येतं ते धडपडून शिकलो. आमच्या लिफ्टचं पहिलं सॉफ्टवेअर मी एकट्याने लिहिलं, तेव्हा कागद दाखव म्हणून कोणी आलं नव्हतं. आता बावन्नाव्या वर्षी पोरांच्या शेजारी बसून पेपर सोडवू?

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मत कंपनीचं आणि पोटात गोळा तुमच्या."

तिला स्वतःला फार्मसिस्टचं लायसन्स आहे, दुकानात काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलंय. तिला काय जातं बोलायला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टिपणने नव्या मोटरचं काम संपवलं. ही आमच्यातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी. तिशीची असेल. जिथे तिथे टिपणं लिहून ठेवते, म्हणून टिपण. नवी मोटर जुनीपेक्षा दुप्पट ताकदीची आहे, तिच्यासाठी जुनं सॉफ्टवेअर नव्या जागी हलवून बदल करायचे होते.

आमच्याकडे नियम आहे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं, आणि पटलं तर 'मंजूर'चं बटण दाबायचं. त्याशिवाय एक ओळ लिफ्टमध्ये जात नाही. आज चौदाशे ओळी होत्या. चहा गार व्हायच्या आत मंजूर केल्या. तिच्या कामात काय बघायचं! 'उत्तम' असा शेरा दिला, खूश झाली.

संध्याकाळी मताचा तिसरा परिच्छेद लिहिला. 'या व्यवसायात एकमेकांचं काम तपासण्याची पद्धत कोणत्याही परीक्षेपेक्षा कडक आहे.' वाक्य छान उतरलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि भावोजी जेवायला आले होते. भावोजी लिफ्ट मेकॅनिक, तीस वर्षांपासून लायसन्सवाले. आमच्या कंपनीत माझी ओळख त्यांनीच करून दिली. त्यांना मत वाचून दाखवलं. ते पाणी पीत ऐकत होते.

"तुझ्या हातून काही चुकलं तर धरायचं कुणाला?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "भावोजी, आमच्याकडे प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते कॉम्प्युटरलाच माहीत असतं. पळवाट नाही."

"मग बरंय," म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. ताई म्हणाली, "हा लहानपणापासून असाच. वादात कधी हरला नाही आणि शाळेत कधी पहिला आला नाही."

११ मार्च, मंगळवार

वाईट बातमी. नवी मोटर आतापर्यंत एकाच इमारतीत बसवलीय, तिथे एका बाईंना लिफ्टच्या दाराने पाडलं. निवृत्त शिक्षिका आहेत, चौथ्या मजल्यावर राहतात, वॉकर घेऊन चालतात. खुब्याचं हाड मोडलं. शेजारीण दार धरून उभी होती म्हणे, तरी दार आलं.

त्या इमारतीची देखभाल भावोजींकडे आहे. त्यांना फोन केला. फक्त एवढंच म्हणाले, "दाराचं सगळं मी गेल्याच आठवड्यात तपासलं होतं रे."

१३ मार्च, गुरुवार

भावोजींचं लायसन्स निलंबित! दोन दिवस झाले नाहीत तर लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयाचं पत्र हजर. चौकशी होईपर्यंत एकाही लिफ्टला हात लावायचा नाही. ताई फोनवर रडत होती. भावोजी म्हणे सकाळी सवयीने डबा घेऊन निघाले आणि जिन्यावरून परत आले.

माझं डोकं फिरलं. चौकशी नाही, विचारणं नाही, आधी गळा धरायचा. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचंच काढून घेता येतं, हा या कायद्याचा खरा अर्थ. मतात नवा परिच्छेद घातला: 'लायसन्समुळे दोषी सापडत नाही, फक्त हाताशी असलेला माणूस सापडतो.' नाव न घेता भावोजींचं उदाहरण दिलं. हेबघा म्हणाले, "हे बघा, हा तर हुकमाचा एक्का आहे."

१५ मार्च, शनिवार

भावोजींबरोबर इमारतीत गेलो. त्यांना हात लावायची परवानगी नाही, म्हणून ते खिशात हात घालून उभे राहिले आणि मला सांगत गेले. दारात खुर्ची ठेव. थांब. मोज.

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. घंटी वाजली आणि दार असं आलं की खुर्ची उडून भिंतीवर आपटली.

यात घंटी बरोबर आहे. दार फार वेळ अडलेलं राहिलं की लिफ्टला वाटतं सेन्सरवर धूळ बसली असेल. मग ती सेन्सरचं न ऐकता दार लोटते. पण अगदी हळू, हाताने थोपवता येईल इतक्या हळू. हे मात्र पूर्ण वेगाने आलं. तरणाताठा माणूस अर्धा मिनिट दारात कशाला थांबतोय? त्यामुळे कुणाला कळलंच नाही. कळलं ते वॉकरवाल्या बाईंना.

भावोजी खुर्ची उचलून सरळ ठेवत म्हणाले, "हे माझं नाही. हे तुमच्याकडचं आहे."

१७ मार्च, सोमवार

ओळ सापडली. हळू वेगाच्या जागी पूर्ण वेग लिहिलेला, आणि शेजारी आपल्याच भाषेत शेरा: 'तात्पुरतं, नंतर काढणे.' चाचणी करताना दर वेळी हळू दाराची वाट बघत बसायचा कंटाळा येतो, म्हणून कोणीतरी वेग वाढवून ठेवलेला दिसतोय आणि मग विसरलंय. जुनी मोटर अशक्त होती, त्यामुळे वर्षानुवर्षं खपून गेलं. आळस, दुसरं काही नाही. अशा माणसांमुळेच धंदा बदनाम होतो.

कॉम्प्युटरला विचारलं, ओळ कुणाची? टिपणची.

मीटिंग झाली. ती पांढरीफटक पडली होती. "सर, मी ती लिहिली नाही. मी फाइल फक्त नव्या जागी हलवली. हलवली की सगळ्या ओळींवर माझंच नाव येतं, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत आहे. पण आधी कुठली ओळ कुणी लिहिली ती नोंद जुन्या सर्व्हरबरोबर गेली, त्यामुळे दाखवता काहीच येत नाही.

हेबघा म्हणाले, "हे बघा, वय लहान आहे, दुसरीकडे लागेल. एक नाव दिलं की चौकशी मिटते." तिला महिनाअखेर जायला सांगणार आहेत. भावोजीही सुटतील.

ती बाहेर पडताना माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बघतो."

१८ मार्च, मंगळवार

घरच्या कपाटात जुन्या कामाची एक डिस्क होती. उगाच शंका नको म्हणून लावून बघितली.

नऊ वर्षांपूर्वीची ओळ आहे. माझी.

आठवलंही सगळं. चाचणीच्या खोलीत लाकडी चौकटीवर लिफ्टचं एक दार बसवलं होतं. दिवसातून दोनशे वेळा उघडायचं आणि मिटायचं. दुपारची वेळ होती, मला दुसऱ्या कामाला जायचं होतं. पुढच्याच आठवड्यात काढणार होतो.

२० मार्च, गुरुवार

लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

समितीच्या मतातलं शुद्धलेखन तपासलं.

२१ मार्च, शुक्रवार

बायकोने विचारलं, "चार दिवस तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. बरं आहे ना?"

सांगून टाकलं. दुकान बंद करायच्या वेळी, शटर अर्धं खाली असताना. ती गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती, थांबली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "आणि नंतर मंजूरही तुम्हीच केलंत?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. फेब्रुवारीत तीच ओळ पुन्हा माझ्या डोळ्यांखालून गेली. माझ्याच शब्दांतला शेरा समोर होता आणि मी 'उत्तम' लिहून पुढे गेलो.

मी म्हणालो, "परीक्षा असती तरी मी पास झालो असतो गं. लायसन्स मिळालं असतं. ओळ तशीच राहिली असती."

"हो, परीक्षेने काही होत नाही," ती म्हणाली. "मला पण काही आठवत नाही त्यातलं. पण माझी सही आहे ना, म्हणून मी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचते. भीती वाटते म्हणून वाचते. मी काही तुमच्यापेक्षा हुशार नाही." मग पट्ट्या पहिल्यापासून मोजायला लागली.

२२ मार्च, शनिवार

टिपणला ऑफिसखालच्या बाकावर बोलावून सांगितलं. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती म्हणेल 'जाऊ द्या सर', मग मी म्हणेन 'असं कसं जाऊ देऊ'.

तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

मी बाकावर जरा सरकून बसलो.

"बुधवारी मी आईला सांगितलं की माझ्यामुळे कुणाचं तरी हाड मोडलं. मला झोप नाही सर. मी ती फाइल सतरा वेळा वाचली, की मीच लिहून विसरले का म्हणून." ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "डिस्क सोमवारी आणा," म्हणाली आणि गेली.

घरी येऊन डायरी मागे चाळली. सोमवारी मी लिहिलंय, 'अशा माणसांमुळेच धंदा बदनाम होतो.' ते खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.

२५ मार्च, मंगळवार

काल हेबघांना डिस्क दाखवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे बघा, तुमच्या नावावर कंपनी उभी आहे. तिचं नाव नको असेल तर कुणाचंच नको देऊया. पण लिहून देऊ नका."

मी आज लिहून दिलं. दोन पानं, खाली सही. ते घेऊन थेट लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज उलटा-सुलटा करून बघितला.

"लायसन्स क्रमांक?"

"नाही."

"मग अर्ज कशाचा?"

"चूक माझी आहे, हे सांगायचा."

त्याने मला आत निरीक्षकांकडे नेलं. ते उतारवयाचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. दोन्ही पानं नीट वाचली, मधे एकदा मागे जाऊन पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मेकॅनिक, कंत्राटदार, इमारतीचा मालक, या तिघांवर मला कारवाई करता येते. तुम्ही यात कुठेच बसत नाही. तुमच्यासाठी कलमच नाही माझ्याकडे."

"मग माझं काय करणार?"

"तुमचं काहीच नाही. मेकॅनिकच्या फाइलला साक्षीदार म्हणून जोडतो तुम्हाला." चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाले, "तुम्ही पहिलेच आलात असे. बसायला खुर्ची पण धड नाही, माफ करा."

रस्त्यावर आलो तेव्हा पाय हलके झाले होते. वाचलो, असंच पहिल्यांदा मनात आलं. लाज वाटली ती नंतर, बसस्टॉपवर.

२८ मार्च, शुक्रवार

टिपणची नोकरी राहिली. माझी आहे, पण मंजूर करायचा अधिकार काढून घेतलाय. तो आता तिच्याकडे. ती मला 'सर' म्हणते, मात्र जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते.

समितीला मत पाठवायची आज शेवटची तारीख होती. कंपनीचं मत दुसऱ्या कोणीतरी लिहिलं. मी स्वतःचं वेगळं पाठवलं. परीक्षेबद्दल मला अजून खात्री नाही, असं लिहिलं. माझ्यासारखा कागद नसलेला माणूस दारातच अडवला गेला तर नुकसान होईल, हे मला अजूनही वाटतं. पण ज्या कामामुळे माणूस जखमी होऊ शकतो त्या कामाखाली एका माणसाची सही हवी, आणि ती सही काढून घेता आली पाहिजे. माझ्याकडून काढून घेण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, हेही लिहिलं. एकच पान झालं. छान वाक्य एकही नाही त्यात.

३० मार्च, रविवार

हॉस्पिटलमध्ये बाईंना भेटायला गेलो. त्यांचा मुलगा दारातच उभा राहिला. त्याला मी कोण ते कळलं होतं. "पाच मिनिटं," एवढंच म्हणाला.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मी चूक सांगितली, जमेल तितक्या साध्या शब्दांत. त्यांनी शाळेतल्यासारखं मधे न बोलता ऐकलं.

"म्हणजे दाराचं चुकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"माझं चुकलं होतं."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, मीच फार हळू चालते. घंटी वाजली तेव्हा मी दाराला 'आले हो, आले' म्हणत होते." आणि त्या हसल्या.

मला तिथे बसवेना. बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो आणि रडलो. बावन्न वर्षांचा घोडा.

१ एप्रिल, मंगळवार

भावोजींना लायसन्स परत मिळालं. ताईने फोन करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "तू आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतंस." बरोबर आहे तिचं. टिपणला सांगितलं, साहेबांना सांगितलं, सरकारला सांगितलं. ज्या माणसाने मला या धंद्यात आणलं, त्याला कळलं ते निरीक्षकांकडून.

४ एप्रिल, शुक्रवार

आज लिफ्ट पुन्हा सुरू करायची होती. मी ओळ दुरुस्त केली होती, टिपणने ती तपासून मंजूर केली होती. भावोजी आणि मी सकाळीच इमारतीत पोहोचलो. गाडीत मी माफी मागितली. ते म्हणाले, "उशीर केलास," आणि सिग्नल सुटला.

पुन्हा खुर्ची ठेवली. तीस मोजले. घंटी वाजली, दार हळूहळू आलं, खुर्चीला टेकलं आणि थांबलं. मग खुर्ची काढून भावोजी स्वतः दारात उभे राहिले. मग मी उभा राहिलो. दार खांद्याला लागलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

भावोजींनी तपासणीचं रजिस्टर उघडलं. दोर, ब्रेक, मोटर, दार. प्रत्येकापुढे खूण केली. खाली सही आणि लायसन्स क्रमांकाची जागा होती. तिथे पेन टेकवलं आणि थांबले.

"यात तुझ्या कामाचा रकाना नाही," म्हणाले. "तुझ्या कामाखालीपण माझीच सही जाते. इतकी वर्षं जातेय, मी कधी विचारलं नाही. आज विचारतो. करू का?"

मी हो म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं. ती ओळ बरोबर आहे, हे मला पक्कं माहीत होतं. पण बाकीच्या ओळी? नऊ वर्षांत अशा किती दुपारी मला दुसऱ्या कामाला जायचं होतं?

"नको," मी म्हणालो. "बाकीचं मी वाचलेलं नाही."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेनाला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं आणि 'लिफ्ट बंद आहे'ची पाटी पुन्हा अडकवली.

एवढ्यात बाईंचा मुलगा खालून आला, दोन्ही हातांत सामान. "सुरू झाली ना? आईला सोमवारी घरी सोडणार आहेत."

"सुरू नाही होणार," मी म्हणालो.

"का? आता काय राहिलं?"

"माझं वाचायचं राहिलंय. आठ-दहा दिवस लागतील."

त्याचा चेहरा लाल झाला. "ती चार मजले कशी चढणार? तुम्ही केलेलं आम्ही किती दिवस भोगायचं?"

मी म्हणालो, "खुर्चीत बसवून मी आणतो वर. खाली न्यायचं असेल तेव्हा खाली नेतो. रोज म्हणालात तर रोज येतो."

"याच्याने एकट्याने नाही व्हायचं," भावोजी मागून म्हणाले. "मी पण येतो."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या पाटीकडे. मग सामान घेऊन जिन्याकडे वळला. पहिल्या वळणावर थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "सोमवारी दहा वाजता या."